चष्मा आत राहिला

बाईंनी दाराला कार्ड लावलं. दिवा लाल झाला. कार्ड पुसून पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

"बारा वाजता बंद झालं ते," टेबलामागून राखणदार काका म्हणाले. "तुमचाच नियम, मॅडम. निरोपाचा केक संपायच्या आत माणसाचं कार्ड बंद."

बाईंनी जीभ चावली. कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चोर कुठून शिरेल, ते आधी आपण शिरून दाखवायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. निम्म्या वेळा चोर दारातूनच येतो, असं त्या सगळ्यांना बजावत. आज दुपारी आपली कंपनी नव्या माणसांच्या हाती दिली, सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं, आणि चष्मा ड्रॉवरमध्येच राहिला.

"दोन मिनिटांत घेऊन येते, काका."

"कशाला? आतून कुणीतरी आणून देईल."

"अहो, मी आहे."

"दिसतंय की."

बाईंना राग आला, अगदी खरा. आणि रागापाठोपाठ जुनी खोड जागी झाली. फोन कानाला लावून, कपाळाला आठ्या घालून त्या म्हणाल्या, "हो हो, आलेच, दारातच आहे." काका नुसते हसले. मग बाईंनी कोपऱ्यातला कागदांचा खोका उचलला. "जरा दार धरता का? हात मोकळे नाहीत." याच डावाने त्यांनी मोठमोठ्या कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

"खाली ठेवा तो. कंबर धरेल," काका म्हणाले.

बाईंनी खोका ठेवला. "एकदा नुसतं माझं टेबल बघून येऊ द्या, काका. शेवटचं." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. हा मात्र डाव नव्हता, हे त्यांचं त्यांनाच उमगलं.

काकांची मान खाली गेली. हात दाराच्या बटणाकडे सरकला. बाईंची नजर त्या हातामागे गेली. आत तर जायचं होतं. पण काकांनी ते बटण दाबलं, तर बावीस वर्षं पाण्यात.

हात बटण ओलांडून पाण्याच्या बाटलीवर गेला.

"बसा. पाणी प्या," काका म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

बाई बाकावर बसून घोट घोट पाणी प्यायल्या. एवढं बरं त्यांना केक कापतानाही वाटलं नव्हतं. काकांनी आत फोन केला, आणि थोड्या वेळाने आतून डबीत चष्मा आला. काकांनी डबी हातात घट्ट धरून विचारलं, "कुठली काडी वाकडी?"

"डावी."

काकांनी उघडून पाहिलं, मग डबी दिली, आणि नियमाप्रमाणे वही ओढून लिहायला घेतलं. बाईंनी चष्मा लावला आणि वाकून वाचलं: 'एक बाई. कार्ड नाही. आत शिरायला चार तऱ्हा केल्या. रडूनही पाहिलं. सोडलं नाही.'

"वेळ लिहायची राहिली, काका," बाई म्हणाल्या.