अहो, आहात ना?

थोरली पहिलीत गेली त्या वर्षी हे कार्यक्रमांच्या लायटिंगच्या कामाला लागले. छताखालच्या लोखंडी सांगाड्यावर चढून दिवे बांधायचे. घरी बसून माझा जीव टांगणीला लागायचा, म्हणून मीही त्याच कंपनीत केबली गुंडाळायला गेले. पुढे थोरलीच्या पाटीवर अक्षरं गिरवली, कार्यक्रमाचा कागद वाचायला शिकले आणि हेडसेट लावून सगळ्यांना इशारे देणारी झाले. पण हे वर अंधारात चढले की मी सारखी हेडसेटमध्ये विचारायची, "अहो, आहात ना?"

"आहे गं बाई! पडलो तर आधी तुलाच कळवीन."

बाकीचे आपापल्या जागी खुदुखुदू हसायचे. मला मात्र कधी हसू आलं नाही. एकदा उत्तर आलं नाही, तेव्हा पाहुण्यांचं भाषण चालू असताना मी सभागृहातले सगळे दिवे लावायला सांगितले. वर बघते तर हे सांगाड्यावर पाय सोडून बसलेले, आणि तोंडात शेंगदाण्यांचा बकाणा.

"अगं, चावू तरी दे," हे म्हणाले.

हे निवृत्त झाले त्या दिवशी मीही हेडसेट ठेवला आणि कित्येक वर्षांनी गाढ झोपले.

 

हे वारले गेल्या मार्चमध्ये, स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडून. मी शेजारच्याच खोलीत निर्धास्त बसले होते.