नवऱ्याच्या नावाचा रकाना

संपदा हिंगोलीत घरी बसून शिवणकामाचे ऑनलाइन धडे बनवायची. सेनगावजवळच्या तांड्यावरून नानीबाईंचा फोन आला. त्या हे धडे शिकणाऱ्यांपैकी एक.

“ताई, नव्या धड्याच्या फॉर्मवरचं ‘पुढे’ बटन दबूनच न्हाई राहिलं.”

“सगळे रकाने भरलेत का?”

“व्हय. मालकाच्या नावाचा तेवढा सोडला. ते गेले ना मागच्या साली.”

“बरं. पाच मिनिटं थांबा.”

संपदानं सॉफ्टवेअर उघडलं. चूक तिचीच होती. नवऱ्याचं नाव साठवणारं व्हेरिएबल रिकामं असेल तर बटण चालू होऊ नये, अशी अट तिनंच घालून ठेवली होती. तिनं ती काढून टाकली.

हा फॉर्म तिनं आजवर पन्नासदा तरी तपासला असेल. बटण एकदाही अडलं नव्हतं, कारण दर वेळी ती त्या रकान्यात ‘अद्वैत’ लिहायची. तो गेल्याला तीन महिने झाले होते, तरी बोटं सवयीनं तेच लिहीत होती.

या वेळी तिनं रकाना कोरा सोडला. बटण लगेच चालू झालं.