उलटी चकती

सकाळपासून सासरे मीटरच्या पेटीसमोरून हलले नव्हते. "अगं, चकती उलटी फिरतेय!" "बाबा, फिरणारच. गच्चीवरच्या सौरपॅनेलची उरलेली वीज कंपनीकडे जातेय. सरकारच त्यासाठी अनुदान देतंय!" मी तिसऱ्यांदा समजावलं. वीजचोर पकडायच्या नोकरीत त्यांची हयात गेली होती. "उलट्या चकतीवाले सगळे असंच काहीतरी सांगायचे. मी एकाचं तरी ऐकलं?" तेवढ्यात बेल वाजली. अनुदानाआधीच्या तपासणीला वीज कंपनीचे साहेब आले होते. मी दार उघडेपर्यंत सासऱ्यांनी इस्त्री, गिझर, मिक्सर, हाताला लागेल ते सुरू केलं. चकती सरळ पळू लागली. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "उलटी फिरल्याशिवाय अनुदान मिळत नाही!" मी धावतपळत सगळी बटणं बंद केली. चकती थबकली, उलटी फिरली. "अभिनंदन, आजोबा!" साहेबांनी हात पुढे केला. सासऱ्यांनी मान खाली घालून दोन्ही मनगटं जोडून पुढे केली.