आईला न्यायला

"येण्याचं कारण?" सीमेवरच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"आईला न्यायला आलेय," ठकी म्हणाली.

त्याने मान वर केली, तिच्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं आणि आणखी काही न विचारता दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मारले. हे उत्तर तो दिवसातून कितीदा ऐकत असेल, देव जाणे.

ठकी हे तिचं घरचं नाव. वय एकतीस, शाळांचे गणवेश शिवण्याचं छोटंसं दुकान. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाबांनी तिला कडेवर घेऊन हा देश सोडला होता. तेव्हा इथे गल्लीगल्लीत कत्तली चालल्या होत्या.

"मी त्या दिवशी कामावर होतो," बाबा सांगत. "घरात शिरलो, तर तू पलंगाखाली. तुला उचललं आणि चालू लागलो."

यापलीकडे काही विचारलं की ते भरल्या ताटावरून उठत. म्हणून तिने विचारणं सोडून दिलं होतं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. तिच्या वेण्या घालायला शिकले, तिच्या तापात रात्ररात्र बसले. त्यांच्या वेण्या शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या, ती गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी बातमी आली. तिकडे एका जुन्या वीटभट्टीमागचा, कत्तलीतली प्रेतं पुरलेला खड्डा उघडला होता, नातेवाइकांनी रक्ताचे नमुने पाठवावेत.

"माझं रक्त काय कामाचं?" बाबा म्हणाले. "सख्खं रक्त तुझं. तूच दे."

आठ महिन्यांनी पत्र आलं: ओळख पटली, घेऊन जा. ठकीला वाटलं होतं, बाबा यायला नाही म्हणतील. पण त्यांनी गुपचूप आपली पिशवी भरली.

शहर वरवर नीटनेटकं होतं. भिंतींवरची गोळ्यांची भोकं बुजवली होती, पण गिलाव्याचा रंग जुळला नव्हता, त्यामुळे प्रत्येक घर देवीच्या व्रणांनी भरल्यासारखं दिसत होतं. एकाच शाळेला दोन फाटकं होती, दोन जमातींच्या मुलांसाठी. आणि कोणी कोणाला नाव विचारत नव्हतं. नाव सांगितलं की बाजू कळते.

खोली देणारी म्हातारी मात्र बाबांना निरखत राहिली.

"तुम्ही इथलेच ना?"

"होतो," बाबा म्हणाले.

तिने हातातला पाण्याचा तांब्या तसाच आत नेला आणि दाराला कडी घातली. ठकीचं डोकं फिरलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे. तिचं बरोबर आहे. तिने काय काय पाहिलं असेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रयोगशाळेत गेली. पूर्वीची ती सूतगिरणी होती. यंत्रांच्या जागी आता मांडण्या होत्या आणि त्यांवर छतापर्यंत कागदी पिशव्या, प्रत्येकीवर नुसता नंबर. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"तू जा आत. मला नाही बघवायचं."

आतल्या बाईंनी आधी कपडे दाखवले. धुतलेला, मातकट रंगाचा एक घागरा. ठकीने सवयीने त्याची किनार उलटून पाहिली आणि तिचा हात थांबला.

"ती डावखुरी होती," ती म्हणाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टाके उलट्या बाजूला झुकलेत. माझेही असेच पडतात."

मग तिला रडू आवरेना. तिच्याकडे आईचा एक फोटोसुद्धा नव्हता. बाई शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना या कामाची सवय होती, तरी त्यांनी घाई केली नाही. थोड्या वेळाने त्या ढकलगाडीवर दोन लाकडी पेट्या घेऊन आल्या.

"इथे सही, आणि इथे."

"दोन कशा?"

"एक आईची, एक वडिलांची."

"काहीतरी घोळ झालाय," ठकी डोळे पुसत म्हणाली. "माझे बाबा बाहेर बसलेत."

बाईंनी कागद पुन्हा पाहिले, नंबर ताडून पाहिले. त्यांचा आवाज खाली आला.

"ताई, तीनदा तपासलंय. दोघंही तुमचेच. शेजारी शेजारी होते. दोघांचे हात एकाच तारेने बांधलेले." मग त्यांनी विचारलं, "बाहेर कोण आहे?"

ठकीने सही न करताच कागद परत सरकवला. ती बाहेर आली.

व्हरांडा लांबलचक होता. पहिल्या काही पावलांत तिला काहीच कळेना. मग हळूहळू तिला उमगलं. कोणीतरी परका माणूस, दुसऱ्याचं मूल, गावात आग लागलेली, आणि त्याने ते मूल उचललं. रक्ताचं नातं नाही, जातजमात एक की नाही तेही ठाऊक नाही, आणि तरी सगळा जन्म तिच्यावर घालवला. उपकाराचा शब्दही कधी तोंडातून काढला नाही. बाकापर्यंत ती जवळजवळ धावतच पोचली. त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

बाबा उठून उभे राहिले. आता त्यांना काही लपवायचं नव्हतं.

"दोघंही सापडले?"

"हो," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"एकाच जागी होते ना?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. "एकमेकांना सोडायलाच तयार नव्हते, म्हणून मी एकाच तारेने बांधलं."