आर्डिसची काडतुसं

"ही नकोत." विर्जिलने डबी परत सरकवली. "पिवळ्या पुंगळीची नकोत. आर्डिसला पांढरी चकचकीत लागतात."

लॉनीने कपाळाला हात लावला. सकाळपासून त्याच्या बंदुकांच्या दुकानात हे एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते काही केल्या हलत नव्हतं. डब्यांवर नेम धरायच्या साध्या शिशाच्या गोळ्या म्हाताऱ्याने न बघताच घेतल्या. घोडं अडलं ते घरात उशाशी ठेवायच्या काडतुसांवर. गोळी तोंडाशी पोकळ हवी, म्हणजे लागेल तिथेच फुलते, भिंत फोडून पलीकडच्या खोलीत जात नाही. वजन नेहमीचंच हवं. शिवाय पुंगळी, म्हणजे बारूद भरलेली धातूची नळी, पांढरी.

"काका, चोराला पुंगळीचा रंग दिसतो होय?"

"चोराला नाही रे. तुझ्या काकूला दिसतो."

लॉनी हसला. आर्डिस हॉगेनला अख्खा तालुका ओळखून होता. जत्रेतल्या नेमबाजीत तिने पुरुषांची इतक्यांदा जिरवली होती, की शेवटी त्यांनी तिला पंच करून टाकलं. नवऱ्याला नेम धरायला तिनेच शिकवलं, आणि तो काय शिकला हे ती चारचौघांत सांगायची.

पांढरी डबी सापडली. "बारूद देऊ? काडतुसं घरीच भरता ना तुम्ही?"

"बारूद नको. गोळी उपसायचा तो हातोडा दे." विर्जिल डबीकडे बघत म्हणाला, "ह्यांच्यातली बारूदही काढून टाकायचीय."

लॉनीचं हसू मावळलं. मग विर्जिलने सांगितलं.

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला तो गोठ्यातून घरात आला, तर आर्डिस रिव्हॉल्वर रोखून स्वयंपाकघरात उभी. हात जराही थरथरत नव्हता. "माझा नवरा येईलच इतक्यात," ती म्हणाली. "तो यायच्या आत चालता हो." विर्जिल उलट्या पावली बाहेर पडला. पिकअपमध्ये बसून राहिला. थोड्या वेळाने नेहमीसारखा हॉर्न वाजवून आत गेला, तेव्हा तिने त्याला फैलावर घेतलं. "होतास कुठे? कुणी मेला घरात शिरला होता. मीच हाकलला."

विसरणं वर्षभर वाढतच चाललं होतं. रिव्हॉल्वर घरातून काढा, असं डॉक्टरने बजावलं होतं. विर्जिलने ते एकदा लपवलंही. आर्डिसने कपाटं उपसली, गाद्या उलथ्या केल्या आणि मग बाहेर पायरीवर जाऊन बसली. थंडीत कुडकुडली, पण आत येईना. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती एकटी असताना कुणीतरी दार फोडलं होतं, आणि त्या माळावर हाकेच्या अंतरावर माणूस नव्हता. तेव्हापासून रिव्हॉल्वर उशाशी असल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे.

लॉनीने हातोडा कागदात गुंडाळला. "बाकीच्या बंदुका माझ्याकडे आणून ठेवा, काका. आजच."

"गाडीतच आहेत," विर्जिल म्हणाला.

गोठ्यामागच्या खोलीत त्याने एकेक काडतूस ठोकून गोळी उपसली. बारूद अंगणात ओतली. बुडातली ठिणगी पाडणारी टोपी ठोकून उडवली, बाहेर काढली, तिच्यावरचा खळगा ठोकून सपाट केला, पुन्हा बसवली. वर गोळी दाबली. बारूद ती काय, चिमूटभर, वजनात फरक कळणार नव्हता. जुनं काडतूस शेजारी ठेवून पाहिलं, तर त्याला स्वतःलाच ओळखू येईना. स्वारी खूश झाली.

रविवारी कुंपणावर डबे मांडले. विर्जिलने गाडीत कुलूपबंद ठेवलेल्या साध्या गोळ्यांतल्या मोजक्या काढून दिल्या. आर्डिसने एकही डबा सोडला नाही. डोकं विसरत होतं, हात काही विसरला नव्हता. विर्जिलचे दोन नेम हुकले.

"शेजाऱ्याची गाय मारशील एखाद दिवस," ती म्हणाली. तो मनापासून हसला. आज तिला तो कोण ते माहीत होतं.

मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. रिव्हॉल्वर पुसलं आणि खणातून पांढरी काडतुसं काढली. आपल्या उशाशी काय आहे ते दर रविवारी स्वतः तपासायचं, हा तिचा शिरस्ता. तिने एकाचं बूड पाहिलं. गोळीच्या तोंडावरून नख फिरवलं. तळव्यावर वजन जोखलं. विर्जिल कॉफीच्या कपात बघत राहिला.

मग तिने काडतूस कानाशी नेलं आणि हलवलं.

विर्जिलने कप खाली ठेवला. बारूद आत बारीक सळसळते, ती ऐकल्याशिवाय आर्डिस काडतूस भरत नसे. जन्मभर तिला हे करताना त्याने पाहिलं होतं. रंग, वजन, टोपी, सगळं त्याने लक्षात ठेवलं, आणि नेमकं हेच विसरला. आता ती पुन्हा घर उलथं करणार, पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसणार.

तिने पुन्हा हलवलं. सळसळ नाही. दुसरं उचललं, तेही हलवलं. मग तिसरं. शेवटी मान वर करून विर्जिलकडे नीट पाहिलं. 

आर्डिसने सगळी काडतुसं एकेक करून रिव्हॉल्वरमध्ये भरली. ते आत नेऊन उशाशी ठेवलं. परत येऊन त्याच्या कपात कॉफी ओतली आणि त्याच्या टकलावर हात ठेवला.

"परवा घरात शिरला होता ना तो माणूस," ती म्हणाली, "त्याच्या अंगात तुझा कोट होता. मला मागाहून आठवलं."

विर्जिलने तिचा हात घट्ट धरला.

"तेव्हापासून डोळा लागला नाही माझा," आर्डिस म्हणाली. "आज झोपेन."