बाहुली घरी येते

फुलाचा ठोकळ्यांचा सिनेमा अर्धाच राहिला. त्यात लाल बाहुली रामनगरच्या बसमधून उतरून चालत घरी येणार होती. फुला वारल्यावर थोरल्या बहिणीनं, नेत्रानं, तो पुरा करायला घेतला. बाहुलीला बोटानं जरा जरा सरकवायचं आणि दर वेळी वेबकॅमनं फोटो काढायचा, एवढंच काम; फोटो ओळीनं जोडले की ती चालताना दिसते.

पहिलाच फोटो धूसर आला. नेत्रानं ऑटोफोकस बंद केला, भिंग हातानं फिरवलं, तशी बाहुली लख्ख दिसली.

"पीठ लागलंय बघ तिला, पूस," आई म्हणाली.

"फुलाच्या बोटाचा ठसा हाय त्यो, आई. भाकरी थापता थापता उठून यायची न्हवं ती."



बाहुली अजून बसथांब्यावरच उभी आहे. तिला हात लावून घरी आणायला दोघीही धजत नाहीत.