पाचवा लागेपर्यंत

"आये, पोर ना बाळ. वैनीला ठेवून करायचं काय? धाडून देऊ तिच्या भावाकडं," सदू म्हणाला.

थोरल्या भावाच्या मरणाची बातमी कानावर पडून घटकाही झाली नव्हती, आणि ह्याचं हे सुरू! ती घेऊन गाववाला भागोजी मुंबईहून बोटीने दासगावला उतरून तसाच चालत वाडीवर आला होता. ओटीवर मान खाली घालून बसला होता. रावजी पटकीने गेला. दोन दिवसांत आटोपला. खोलीवरच्या गाववाल्यांनीच अग्नी दिला. शिमग्याला घरी नाचून गेलेला धडधाकट माणूस, चैत्र सरायच्या आत संपला.

रावजीच्या आईने, प्रयागबाईने, हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तेवढ्यात परसात कुणीतरी भडभडून ओकलं.

ती मागे धावली. शेवग्याचा बुंधा धरून तुळसा, रावजीची बायको, वाकली होती.

"काय झालं गो?"

"सकाळधरनं मळमळतंय, आत्याबाय. चुलीचा वास पण नको होतो."

प्रयागबाईने मनातल्या मनात दिवस मोजले. शिमगा होऊन पाच आठवडे होत आले होते. ती ओटीवर परतली आणि तिने सदूच्या तोंडावर हात दाबला.

"एक शब्द बाहेर काढलास तर माझं मढं बघशील. माझा रावजी परत येतोय. पहिलटकरीण हाय ती, धसका घेतला तर पोट पडंल. पाचवा लागेपर्यंत तिला कळता कामा नाय."

वाडीत सात घरं. सातही घरांत जाऊन म्हातारीने हात जोडले. लोकही शहाणे, गप्प बसले.

मग काय काय सोंगं करावी लागली! सदूच्या डोईचे केस उतरले, तर म्हणे फोड आलेत. देव पारोसे राहिले, तर म्हणे देव्हाऱ्यात उंदीर मेलाय. दहाव्याला बाजाराच्या नावाखाली मायलेक पोलादपूरला गेले. सावित्रीच्या काठी सदूने पिंड ठेवला, कावळा शिवेना म्हणून ऊन उतरेपर्यंत ताटकळले, आणि येताना प्रयागबाईने सुनेसाठी हिरवा खण आणला.

रडायचं कुठं? ती रानात जायची, गवताच्या भाऱ्यात तोंड खुपसायची आणि पोटभर रडायची. घरी आली की हसायची. आई होती हो ती, दगड नव्हती.

सुरुवातीला तुळसा फार लाजायची. खांदे पाडून, पदर पुढे ओढून भिंतीकडेने चालायची. घरात आली तेव्हा नुसती काडी होती ती. माहेरी भावजयीच्या हातचं उष्टंमाष्टं खाऊन दुसरं काय होणार? आता छाती भरायला लागली, कंबर रुंदावली, चोळी काखेत रुतू लागली, तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"चोरी केलीस का गो?" प्रयागबाई म्हणायची. "ताठ चाल. अंग भरतंय ते मिरवायचं असतं. लाजायचं काय त्यात?"

एकुलत्या गाईचं दूध सुनेला. कोंबडीची अंडी सुनेला. भाकरीवर तूप तिच्या, आणि म्हातारी स्वतः पेजेवर. सदूने एकदा कुरकुर केली, तर त्याला पानावरून उठवलं. खणाची चोळी महाडच्या शिंप्याकडून शिवून आणली, दोन्ही बाजूंना शिवण सोडून, पुढं उसवायला.

दोन महिन्यांत तुळसाचं रूप पालटलं. गाल वर आले, दंड गोल झाले. कमरेवर हात टेकून ती अंगणात उभी राहायची, पाणवठ्यावर बायका बघतात हे तिला कळायचं आणि आवडायचं. दुपारी निवांत झोपायची. घरातला धूर सोसवत नाही म्हणून पहाटे ओढ्यावर एकटीच आंघोळीला जायची. ठकूबाई सुईण पोट चाचपायला आली, तर तुळसा लाजून आत पळाली. "राहू दे," प्रयागबाई म्हणाली, "नजर लागायची."

एकच गोष्ट म्हातारीला जड जाई. जेवताना तुळसा हटकून विचारायची, "आत्याबाय, त्यांचा काय निरोप?"

"आला ना. तब्येत जप म्हणाला."

"आणि?"

"गणपतीला येतो म्हणाला. लुगडं आणतो."

"कुठल्या रंगाचं?"

"अंजिरी," प्रयागबाई सांगायची. मग तोंड फिरवून चूल फुंकत बसायची. तुळसा मात्र परत परत विचारायची, तेच तेच वदवून घ्यायची, आणि पाटावर रेलून तूप चाटायची.

आषाढात पाचवा लागला. सदू लावणीला गेला होता. प्रयागबाईने तांदळाची भाकरी केली, अंड्याचं कालवण केलं, सुनेला पोटभर जेवू घातलं. तिने हात धुतल्यावर तिच्या शेजारी बसली आणि तिला कुशीत ओढलं.

"पोरी, छातीवर दगड ठेव. रावजी नाय आता. चैत्रातच गेला. तुला कळलं तर ह्याला धक्का बसंल म्हणून नाय बोलले. बघ, हा हाय ना! हाच माझा रावजी." म्हातारीने सुनेच्या पोटावर तळहात ठेवला आणि तीन महिने दाबून धरलेला हंबरडा फोडला.

तुळसा रडली नाही. तिने म्हातारीला जरा शांत होऊ दिलं.

"ठाऊक हाय मला, आत्याबाय."

प्रयागबाईचं रडं जागच्या जागी थांबलं. "कुणी सांगितलं? कवा?"

तुळसाने आपल्या पोटावरचा तिचा हात हळूच उचलला आणि तिच्याच मांडीवर ठेवला.

"भागोजी आला त्याच दिवशी ऐकलं, दाराआडून. मी बाहेरची झालेय, मला शिवू नका, एवढंच तुम्हाला सांगायला आले होते."